बदली अध्यक्ष

वीरधवलनं त्या दुपारी दोन देशांची फाळणी केली, एका राष्ट्राध्यक्षाला दवाखान्यात घातलं, सोन्याचा भाव वर नेला आणि तेवढ्यात खाली म्हैस ओरडली म्हणून रेकॉर्डिंग थांबवलं.

कडेगावातल्या घराच्या माडीवर, आईच्या निळ्या चादरीसमोर बसून तो जगाचं भविष्य सांगायचा. ‘राष्ट्रकुंडली’ असं त्याच्या यूट्यूब चॅनेलचं नाव. कराडहून इंजिनिअर होऊन परत आल्यावर सुरुवातीला त्यानं माणसांच्या पत्रिका बघितल्या होत्या. पण माणसांत एक मोठा दोष असतो. भविष्य चुकलं की ती घरी येतात. एका मामांना त्यानं बोअरला पाणी लागेल म्हणून सांगितलं होतं; मामा बोअरच्या भुकटीनं पांढरे झालेले, तसेच थेट माडीवर आले होते. तेव्हापासून वीरधवल देशांकडे वळला. देश कितीही चिडला तरी कडेगावात येऊन कॉलर धरत नाही.

शास्त्र तसं सोपं होतं. रवी म्हणजे राजा, चंद्र म्हणजे प्रजा आणि शनी म्हणजे वसुली. पाडव्याला जो वार, त्या वाराचा ग्रह वर्षभर राजा. यंदाच्या राजाचं शनीशी पटत नव्हतं. कुठल्याच वर्षी पटत नाही. म्हशीला वैरण टाकून वीरधवल परत वर आला आणि त्यानं शेवटचं भाकीत सांगून टाकलं. येत्या चैत्र पौर्णिमेपर्यंत सिंह राशीचा, बरीच वर्षं गादीवर असलेला एक सत्ताधीश सगळ्यांच्या देखत आसनावरून खाली येईल. जगात एवढे देश, एवढे राजे. कुणीतरी कुठंतरी पडेलच, असा त्यामागे साधा विचार होता. पळसमाळच्या जोतीराम आबांनी नुकताच नवा मोबाईल घेतलाय, हे मात्र त्यानं हिशेबात धरलं नव्हतं.

जोतीराम आबा हे वीरधवलचे होणारे सासरे. होणारे, म्हणजे अजून झाले नव्हते. त्यांची मुलगी शिवांजली सांगलीत फार्मासिस्ट होती. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, त्यानंतर दोघं एकदा कृष्णेच्या घाटावर भेटून भेळही खाऊन आली होती. “तुम्ही जे सांगता ते तुम्हाला स्वतःला खरं वाटतं का?” असं तिनं तिथं विचारलं होतं आणि वीरधवल बेसावध होता म्हणून “न्हाई” म्हणून गेला होता. ह्या एका उत्तरावर ती लग्नाला तयार झाली. आता पळसमाळची चैत्र पौर्णिमेची यात्रा पार पडली की दुसऱ्या दिवशी सुपारी फोडायची होती. वीरधवलला आयुष्यात एवढी एकच गोष्ट हवी होती. बाकी सगळं जग त्यानं शनीच्या हवाली केलेलंच होतं.

व्हिडिओ टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी आबांचा फोन आला.

“माजी रास कंची?”

“आबा, ते बघावं लागंल...”

“सिंह. आन् कमिटीचा अध्यक्ष कवापास्नं हाय म्या?”

आबा पळसमाळच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष होते. मिशी काळी होती तेव्हापासून. वीरधवलनं घाईनं खुलासा केला. “आवं आबा, ते परदेशातलं हाय. तिकडच्या राज्यकर्त्यांचं.”

“परदेशातल्या माणसाचं हाय, तर मराठीत कशाला सांगितलंस?”

इतकी राष्ट्रं वीरधवलनं वेठीला धरली होती, पण भाषेचा हा मुद्दा त्याच्या ध्यानातच आला नव्हता.

तो आबांना फोनवर समजावत होता तोवर तिकडे कमिटीच्या गुंडा नावाच्या उपाध्यक्षानं तो व्हिडिओ गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आबा जितकी वर्षं अध्यक्ष, तितकीच वर्षं गुंडा उपाध्यक्ष. त्यानं खाली कुठलंही वाईट बोलणं लिहिलं नाही. ‘आबांना उत्तम आरोग्य लाभो’ असं लिहिलं आणि पुढं जोडलेले हात आणि एक फूल टाकलं. त्या फुलामुळं गावाची खात्री पटली.

आबांनी त्या दिवसापासून बसायचं सोडलं. आसनावरून खाली यायचं असेल तर आधी आसनावर असावं लागतं, असा त्यांचा विचार, आणि तो चुकीचा आहे असं कुणाला म्हणता येईना. खुर्ची गेली, बाज गेली. मोटरसायकलची सीट हेही आसनच, म्हणून ते गाडी ढकलत मळ्यात जायला लागले. कारखान्यावर काम निघालं म्हणून कराडला गेले ते रिकाम्या एसटीत उभ्यानं. कंडक्टरनं बसायचा आग्रह केल्यावर आबांनी त्यालाच त्याची रास विचारली. घरात नवीन बसवलेल्या कमोडचं काय झालं ते मंगलकाकूंनी कुणाला सांगितलं नाही, पण परसात जुन्या पद्धतीची सोय पुन्हा सुरू झाल्याचं शेजाऱ्यांनी बघितलं.

खरी अडचण यात्रेची होती. पौर्णिमेला दुपारी कुस्त्यांचं मैदान. मैदानाच्या कडेला मंडपवाल्याची लग्नातली लाल मखमली खुर्ची मांडायची, तिच्यावर अध्यक्षांनी बसायचं आणि येईल त्या पैलवानाचं अंग बघून, तालीम विचारून तिथल्या तिथं कुस्ती जोडायची, ही गावची रीत. अध्यक्ष खुर्चीत नसला तर मैदान सुरू होत नाही. आणि तेही अख्ख्या गावादेखत.

शेवटी आबांनी वीरधवलला बोलावून घेतलं. सोबत त्याचे वडील नाथाजी आले. नाथाजी फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. पोरगा जगावर हुकूम सोडतो पण दळण आणायला विसरतो, हे त्यांचं जुनं दुःख होतं. आबा ओसरीवर उभे होते. यजमान उभे म्हणून पाहुणेही उभे राहिले. मंगलकाकूंनी सगळ्यांना उभ्यानंच पोहे दिले.

“तूच बांधलंयस, आता तूच सोड,” आबा म्हणाले. “उपाय सांग. न्हाईतर सुपारीचं आपन नंतर बघू.”

देशांना वीरधवल कधी उपाय सांगत नसे. देश विचारत नाहीत. पण आदल्या दिवशी त्यानं नेटवर काहीतरी वाचलं होतं. फार जुन्या काळी परमुलखात राजाला ग्रहणाचं भय असलं की तेवढ्या दिवसांपुरता गादीवर दुसराच माणूस बसवायचे. ग्रहाचा जो काही फटका असेल तो बदली राजाला. भय सरलं की खरा राजा परत गादीवर. त्या बदली राजाचं पुढं काय करायचे ते लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात होतं, पण नेमका तेव्हा रेंज गेल्यामुळं वीरधवलनं तो वाचला नव्हता.

त्यानं हा उपाय सांगताच आबांचा चेहरा उजळला. बसायला म्हणून ओसरीच्या पायरीशी उभा असलेला गुंडा लगेच तयार झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आबांनी ते पाणी बघितलं आणि त्याला बाजूला घेतलं. “गड्या, तू एकदा बसलास तर तुला उठवायला शनी काय, अख्खी ग्रहमालिका आली तरी पुरायची न्हाई.” मग ते वीरधवलकडे वळले. “तूच बस. भविष्य तुजं, खुर्ची तुला.”

“आबा, मला कुस्तीतलं काय कळत न्हाई.”

नाथाजींनी पोह्यांचा शेवटचा घास गिळला. “बेटा, हुकूम हुकूम असतो,” ते म्हणाले. पोराला एवढी मोठी पोस्टिंग पहिल्यांदाच मिळत होती.

पौर्णिमेला दुपारी वीरधवल फेटा बांधून मखमली खुर्चीत बसला. खुर्ची दोन बाकडी जोडून त्यांच्यावर ठेवलेली. समोर तांबडी माती, भोवती माणसांची दाटी, कडेला हलगीवाले. आबा समोरच्या गर्दीत अगदी मागं, उभे. शिवांजली बायकांत बसली होती आणि तिनं त्याच्याकडे बघून ओठ दाबून धरले होते. पहिल्या दोन पैलवानांनी समोर येऊन अंगं दाखवली. वीरधवलला दोन्ही अंगं सारखीच दिसली. तिसऱ्याचंही तसंच. मग त्याला वाटलं, आपल्याला एक शास्त्र येतं, ते कशाला वाया घालवायचं. तो पैलवानांना रास विचारू लागला.

सुरुवातीच्या कुस्त्या नशिबानं बऱ्या झाल्या. मेष आणि तूळ बरोबरीत सुटले, गावानं माना डोलावल्या, आणि वीरधवलला हळूहळू आपण राज्यकर्ते आहोत असं वाटायला लागलं. त्या भरात त्यानं कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका सडपातळ विद्यार्थ्याची कुस्ती सांगलीच्या एका पैलवानाशी जोडली. पैलवान मैदानात आला तसा मागच्या माणसांना पलीकडचं दिसेनासं झालं.

विद्यार्थ्यानं त्याच्याकडे खालून वरपर्यंत बघितलं. मग तो खुर्चीकडे वळला. “सर, ही जोड कशी काय?”

“तुमी कर्क, ते वृश्चिक. दोन्ही जलराशी हायत. शिवाय तुमचा चंद्र बलवान हाय.”

पैलवानानं अंगावर माती टाकत सांगितलं, “आमचा बी चंद्र जेवून आलाय.”

हलगी सुरू झाली. विद्यार्थ्यानं रिवाजाप्रमाणे माती कपाळाला लावली, हात मिळवला आणि तो पळाला. कुस्तीत पळता येत नाही असं त्याला कुणी सांगितलं नसावं. पैलवान मागं लागला. दोन चकरा झाल्या, तिसरीला विद्यार्थी बाकड्यांवर चढला आणि थेट अध्यक्षांच्या मागं, खुर्चीच्या पाठीला धरून बसला. “सर, चंद्राचं तुमीच बघा,” तो म्हणाला. पैलवानानं खालून हात घातला. त्याला विद्यार्थ्याचा पाय धरायचा होता. हातात आला तो खुर्चीचा. आणि पैलवानानं हातात आलेलं सोडून देणं त्यांच्या तालमीत शिकवलेलं नव्हतं.

खुर्ची, फेटा आणि वीरधवल असे तिघं मैदानात आले. वीरधवलची पाठ सपशेल मातीला लागली. आता हलगीवाल्यांचं कसं असतं, पाठ लागली की वाजवायचं. पाठ कुणाची हे बघायचं काम त्यांचं नाही. त्यांनी विजयाची हलगी कडाडून वाजवली. गावानं शिट्ट्या मारल्या. पंचांनी सवयीनं पैलवानाचा हात वर केला.

गर्दीतून वाट काढत सगळ्यांत आधी धावले ते आबा. त्यांनी वीरधवलला उठवलं, त्याच्या पाठीची माती झटकली. त्यांना हुंदका आवरेना. “टळलं रं, टळलं,” ते म्हणत होते. मग त्यांनी खुर्ची सरळ केली आणि तिच्यात बसले. बऱ्याच दिवसांनी बसल्यामुळं त्यांच्या तोंडून जो सुस्कारा निघाला तो हलगीच्या वरून ऐकू आला. पुढच्या कुस्त्या त्यांनी नुसती अंगं बघून जोडल्या. पौर्णिमा चांगली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाथाजी इस्त्रीचे कपडे घालून आणि वीरधवल कंबरेला पट्टा बांधून सुपारीसाठी पळसमाळला गेले. आबा खुर्चीत बसले होते. पाहुण्यांनाही खुर्च्या मिळाल्या. चहा येईपर्यंत उसाचं, पावसाचं बोलून झालं. मग आबांनी घसा साफ केला.

“हे काय जमायचं न्हाई, सुभेदार.”

नाथाजींनी कारण विचारलं.

“तुमच्या पोराचं भविष्य खरं ठरतंय.”

वीरधवलला वाटलं कमरेबरोबर आपले कानही गेले. आबा पुढं शांतपणे समजावून सांगू लागले. खोटा ज्योतिषी असता तर हरकत नव्हती. खोटे ज्योतिषी घरोघरी आहेत, गाव त्यांना सांभाळून घेतं. पण पौर्णिमेच्या आत, आसनावरून, सगळ्यांच्या देखत, असं जसंच्या तसं घडवणारा माणूस घरात घ्यायचा म्हणजे जिवाला घोर. “उद्या जेवताना ह्यानं माज्याकडं नुसतं बघितलं,” आबा म्हणाले, “तर माजा घास खाली जायचा न्हाई. मला वाटंल, ह्येला कायतरी दिसलं.”

मग वीरधवलनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खरी ओळख करून दिली. आपण बुडवलेले देश अजून तसेच आहेत. पाडलेली सरकारं पुन्हा निवडून आली. सोनं वर जाईल म्हटलं की खाली येतं, खाली म्हटलं की वर. पडणारा राजा सिंह राशीचा म्हटलं होतं, आणि आपली रास तर कन्या. नाथाजीही पोराच्या बाजूनं उभे राहिले. “ह्याला उद्या कुठला वार हाय ते सुदा मोबाईलमधी बघावं लागतंय,” त्यांनी साक्ष दिली. बापानं इतक्या कळकळीनं आपली बाजू घेतलेली वीरधवलनं कधी पाहिली नव्हती. पण आबा ऐकेनात. खुर्चीत असताना माणूस अध्यक्ष असतो आणि अध्यक्षाची रास सिंह, असं त्यांनी सांगितलं. आणि पडलेलं गावानं बघितलं होतं.

तेवढ्यात शिवांजली चहा घेऊन बाहेर आली. ती आत सगळं ऐकत होती.

“आबा, एवढं खरं सांगत्यात तर त्यांनाच इचारा की,” ती म्हणाली. “आमचं लगीन हुतंय का न्हाई ते.”

आबा विचारात पडले. वीरधवलच्या मनात मात्र आनंदाची लाट आली. त्यानं तोंड उघडलं. ‘होणार’ हा शब्द जिभेवर आलासुद्धा होता. तेवढ्यात त्याची नजर शिवांजलीकडे गेली. चिठ्ठी नसताना झोपेच्या गोळ्या मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ती दुकानात जशी बघत असेल, तशी ती त्याच्याकडे बघत होती. वीरधवलनं तोंड मिटलं. इंजिनिअरिंगच्या सगळ्या वर्षांत केला नव्हता एवढा विचार त्यानं त्या एका कपाच्या वाफेत केला.

“सांग की रं,” आबा म्हणाले.

“योग न्हाई, आबा,” वीरधवल म्हणाला. “शनी आडवा हाय. तुमची लेक मला मिळत न्हाई.”

आबांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली, मिशीवरून हात फिरवला. सुपारी मोडली तर हा पोरगा परत खरा ठरणार, आणि परत खरा ठरला तर पंचक्रोशीत ह्याच्याच नावाचा बोलबाला होणार. त्यात आपल्याच घरात, आपल्याच लेकीबाबत, काय होत नाही ते बाहेरचा शनी सांगणार. आबांच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

“मंगल,” त्यांनी आत हाक मारली, “साखर आन गं. कसं हुत न्हाई त्येच बघतो म्या.”

सुपारी फुटली. नाथाजींनी उभं राहून कडक सलाम ठोकला. आबांनी जावयाच्या तोंडात साखरेची चिमूट घातली, आणि आजूबाजूला बघत त्याच्या कानाशी आले.

“आन् माजं पुढल्या सालचं अध्यक्षपद?”

साखर तोंडात विरघळत होती. सगळं शास्त्र वीरधवलला आत्ता कुठं कळलं होतं.

“अवघड दिसतंय, आबा.”

“शाब्बास,” आबा म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या तोंडात अख्खी मूठ कोंबली.