वामनराव अस्वल टेकडी चढतात

बाळांनो, मांडी घालून बसा. पाठ ताठ ठेवा. आजची गोष्ट चांगल्या सवयींची आहे, म्हणून पाय पसरायचे नाहीत.

एका जंगलात, जिथे रस्ता रुंद करायला अजून कोणी आलेलं नव्हतं, वामनराव नावाचे एक अस्वल राहत होते. नाव वामन, पण गुहेतून बाहेर पडताना त्यांना तिरकं व्हावं लागे. त्यांच्या पत्नी चिमाबाई. त्याही काही चिमुकल्या नव्हत्या, पण त्या सरळ बाहेर पडत.

वामनराव स्वभावाने गरीब. कोणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. फक्त मधात. सकाळी मध, दुपारी मोहाची फुलं, आणि रात्री घसा कोरडा पडू नये म्हणून पुन्हा मध.

एके दिवशी त्यांच्या मागे मधमाश्या लागल्या. मधमाश्या पूर्वीही लागायच्या. पण पूर्वी वामनराव पळायचे. ह्या वेळी ते थोडेसे पळाले आणि टेकडीच्या पायथ्याशी मटकन खाली बसले. श्वास मिळेना. डोळे पांढरे झाले. चिमाबाई ओली फांदी घेऊन धावत आल्या, तेव्हा मधमाश्यासुद्धा घाबरून बाजूला झाल्या होत्या.

चिमाबाईंना आणखी एक गोष्ट ठाऊक होती. हल्ली झोपेत घोरता घोरता वामनराव मध्येच गप्प व्हायचे. अगदी गप्प. चिमाबाई अंधारात डोळे उघडे ठेवून वाट बघायच्या. मग एकदम मोठा आवाज करून नवऱ्याचा श्वास परत यायचा. तोवर त्यांनी स्वतःचा धरून ठेवलेला असायचा. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. वामनरावांनाही नाही.

चिमाबाई नवऱ्याला घेऊन वैद्यकाकूंकडे गेल्या. वैद्यकाकू म्हणजे म्हातारी घोरपड. जंगलाची नाडी तिच्या हातात असे.

काकूंनी वामनरावांच्या छातीला कान लावला. बराच वेळ लावला. मग म्हणाल्या, "रोज सकाळी टेकडी चढायची आणि उतरायची. रात्रीचा मध बंद."

"आणि औषध?" वामनरावांनी विचारलं.

"हेच."

"एखादा काढा? कडू असला तरी चालेल."

"नाही."

वामनराव हिरमुसले. घरी येताना म्हणाले, "काकू थकल्या आता. पूर्वीसारखं निदान राहिलं नाही त्यांचं."

बाळांनो, त्याच जंगलात एक तळं होतं. तळ्यावर एकपादस्वामी नावाचे एक बगळे होते. ते पहाटे शिबिर घेत. शिबिराचं नाव 'नवा मी'. सगळ्यांनी एका पायावर उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि आपण सडपातळ झालो आहोत असं मनात आणायचं.

"माझ्याकडे बघा," स्वामी म्हणत. "मी कधी तुम्हाला जाड दिसलो?"

कोणालाच दिसले नव्हते. बगळा जाड कसा असेल, हे मात्र कोणी विचारलं नाही. शिबिरात प्रश्न विचारायची वेळ शेवटी असते, आणि तोवर सगळ्यांना भूक लागलेली असते.

वामनराव एका पायावर उभे राहिले. थोडा वेळ राहिले. मग तळ्यात पडले. तळ्यातलं पुष्कळ पाणी काठावर आलं आणि पाण्याबरोबर मासेही आले. स्वामी फार प्रसन्न झाले.

"तुमच्यात शक्यता आहेत," मासा गिळून ते म्हणाले. "पण आधी संकल्प सोडा. चारचौघांत. जाहीरपणे."

वामनरावांनी संकल्प सोडला. सगळं जंगल अभिनंदनाला गुहेत आलं. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून येताना प्रत्येकाने मधाचं एकेक पोळं आणलं. रात्री ती सगळी पोळी संपवता संपवता वामनरावांना इतकं हलकं वाटलं, की संकल्प सोडला आणि पाळलाही, असं त्यांच्या मनाने घेतलं.

"चिमे, मी बदललो गं," ते म्हणाले.

"तोंड पुसा," चिमाबाई म्हणाल्या.

स्वामींनी त्यांना एक पोपटही दिला होता. पोपट पहाटे गुहेच्या तोंडाशी येऊन ओरडायचा, "उठा, वामनराव! टेकडी वाट बघतेय!" वामनराव डोळे न उघडता हात लांब करून त्याच्या चोचीत एक पेरू कोंबायचे. पोपट गप्प व्हायचा. पेरू संपला की पुन्हा ओरडायचा. पुन्हा पेरू. थोड्याच दिवसांत पोपट इतका सुटला की त्याला उडवेना. तो गुहेतच राहायला आला, आणि वामनराव उठल्यावर मग उठू लागला.

शेवटी चिमाबाईच एका सकाळी कंबर कसून उभ्या राहिल्या.

"चला. मी येते बरोबर."

"आज? आज जरा आभाळ..."

"तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाते. वाटेत वाघ भेटला तर त्याला सांगते, हे घरी झोपलेत."

वामनराव निघाले. बसत, उठत, झाडाला टेकत, आपल्या वाडवडिलांनी डोंगरात राहायचं का ठरवलं म्हणून त्यांना दोष देत ते वर पोचले. वर उंबराच्या झाडाखाली एक सपाट दगड होता. सकाळचं पहिलं ऊन बरोबर त्याच्यावर पडे. वामनराव त्यावर बसले, आणि त्यांच्या तोंडून समाधानाचा असा सूर निघाला की चिमाबाईंना भरून आलं.

तेवढ्यात पलीकडच्या उतारावरून एक साळिंदर वर आलं. हे त्रिंबकराव. टेकडीच्या पलीकडे राहत.

"उठा," त्रिंबकराव म्हणाले.

"का बरं?"

"रोज मी बसतो इथे."

"रोज?" वामनरावांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्रिंबकराव धापा टाकत होते आणि चेंडूसारखे गोल होते. "रोज चढणारे असे दिसतात होय?"

त्रिंबकरावांचे काटे हलले. ते काही रोज येत नव्हते, सणासुदीला येत. पण आता माघार कशी घ्यायची?

"बसा आजच्या दिवस," ते म्हणाले. "उद्या काही ह्या पोटाला इथवर यायला जमत नाही. उद्या मीच असेन."

वामनराव टेकडी उतरून घरी आले. जेवताना एकदम म्हणाले, "पोटाला म्हणे! ह्याच्या तोंडाला काही वळण?" आणि रात्रीच्या मधाचं मडकं बाजूला सारलं.

"का हो?"

"जड होतं. सकाळी उठायला उशीर होतो."

चिमाबाईंना आपल्या कानांवर विश्वास बसेना.

दुसऱ्या दिवशी वामनराव पोपटाच्या अंगावर पाय देऊन अंधारातच बाहेर पडले. दगड मिळाला. त्रिंबकराव आले, उभ्या उभ्या चार शब्द ऐकवून गेले. तिसऱ्या दिवशी त्रिंबकराव आधी पोचले. मग वामनराव त्यांच्याही आधी निघू लागले. जो आधी बसेल त्याचा दगड. दुसऱ्याने उभं राहायचं आणि बोलायचं.

वामनराव घरी येऊन रोज सगळं सांगायचे. तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, मग तो कसा गप्प बसला. चिमाबाई हुं हुं करत ऐकायच्या आणि नवऱ्याकडे बघायच्या. पोट उतरत होतं. डोळ्यांत चमक आली होती. आणि एका रात्री त्यांना जाग आली ती शांततेने नाही, तर सकाळ झाल्यामुळे. रात्रभर घोरणं एका लयीत चाललं होतं. त्या मुद्दाम बाहेर गेल्या आणि थोडं रडून आल्या.

बाळांनो, इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण चांगलं काही घडलं की त्याचा सत्कार होतो.

तळ्यावर मोठा समारंभ झाला. वामनराव आणि त्रिंबकराव दोघांच्याही गळ्यात हार. एकपादस्वामींनी सांगितलं की हे दोघंही आपल्या शिबिराचं फळ आहेत. त्रिंबकराव शिबिराला कधी गेले नव्हते, पण हार घातल्यावर खोटं पाडणं बरं दिसत नाही. वामनराव निर्धारावर बोलले. त्रिंबकराव आत्मबलावर बोलले. दगडाबद्दल दोघंही बोलले नाहीत. पहिल्या रांगेत चिमाबाई जीभ चावून बसल्या होत्या.

"आता," स्वामी म्हणाले, "मनातला मळही धुऊन टाका. मिठी मारा."

टाळ्या झाल्या. वामनरावांनी मिठी मारली. आणि लगेच सोडली. पण मैत्री झाली.

दुसऱ्या दिवशी दगडापाशी दोघंही उभेच.

"बसा ना, त्रिंबकराव."

"छे छे, आधी तुम्ही."

तिसऱ्या दिवशी त्रिंबकराव म्हणाले, "एवढ्या पहाटे कशाला यायचं? दगड काय पळून जातो?" मग ते उन्हं वर आल्यावर भेटू लागले. मग पायथ्याशी भेटू लागले. मग वामनरावांच्या गुहेतच भेटू लागले, आणि घरी आलेल्या माणसाला नुसतं कसं पाठवायचं? मधाचं मडकं पुन्हा मध्ये आलं. पावसाळा सरेपर्यंत वामनराव पुन्हा तिरके होऊन बाहेर पडू लागले.

आणि एका रात्री घोरणं थांबलं.

चिमाबाई उठून बसल्या. वाट बघितली. फार वेळ बघितली. शेवटी त्यांनी नवऱ्याला गदागदा हलवलं, तेव्हा कुठे श्वास परत आला.

"काय झालं?" वामनराव झोपेत म्हणाले.

"काही नाही. झोपा."

सकाळी चिमाबाई एकट्याच टेकडी ओलांडून पलीकडे गेल्या. त्रिंबकराव बिळाबाहेर उन्हात पसरले होते.

"या वहिनी! वामनराव बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तुमचीच काळजी करतात हो."

"माझी?"

"म्हणतात, त्रिंबकरावांना आता टेकडी झेपत नाही. म्हणून मीच मैत्री करून टाकली, बिचाऱ्यांची लाज राहिली."

त्रिंबकरावांचे काटे एकेक करून उभे राहिले. "असं म्हणाले?"

"मायेनं म्हणाले हो."

चिमाबाई घरी आल्या. त्या आयुष्यात कधी खोटं बोलल्या नव्हत्या. पण गुहेत शिरल्या तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"त्रिंबकराव भेटले. फार हसत होते."

"कशाला?" वामनराव मधाचं बोट चाटत होते.

"कोण जाणे. तुमचं नाव घेतलं आणि हसले. मग पोट पुढे काढून, असं डुलत डुलत चालून दाखवलं. बिळातल्या सगळ्यांना."

वामनरावांनी बोट तोंडातून काढलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंथरूण रिकामं होतं. चिमाबाई गुहेच्या तोंडाशी जाऊन बसल्या. आपण हे काय करून बसलो? वाटेत ते पडले तर? पुष्कळ वेळाने वरून आवाज आला. एक शब्द, मग दम. एक शब्द, मग दम. पण आवाज वामनरावांचाच होता आणि चांगला रागावलेला होता.

भांडण पुन्हा पेटल्याचं स्वामींच्या कानावर गेलं. ते समेट घडवायला उडत आले. चिमाबाईंनी त्यांना दारातच गाठलं, एक ताजा मासा दिला आणि हात जोडून म्हणाल्या, "स्वामी, आत्ता नको. त्यांची तब्येत अजून पुरती सुधारली नाही."

थंडी पडली. एका पहाटे चिमाबाईंना वरून वामनरावांचा आवाज ऐकू आला. त्रिंबकरावांचे काटे, त्यांचं बीळ, त्यांची चाल आणि त्यांचं एकूण खानदान, सगळ्यांचा उद्धार वामनरावांनी मध्ये कुठेही न थांबता, एका श्वासात केला.

चिमाबाईंनी तो श्वास शेवटपर्यंत ऐकला. मग कूस बदलली आणि उन्हं आत येईपर्यंत गाढ झोपल्या.

तात्पर्य: आरोग्यासाठी पहाटे उठावं, मिताहार करावा आणि एखादा वैरी जपून ठेवावा. तो टेकडीच्या पलीकडे राहणारा असावा. शेजारचा असला तर चालणं होत नाही. त्याच्याशी समेट करण्याचा मोह कोणाला झालाच, तर आधी वैद्याला विचारावं.