शेवंताकाकूंचा दोडका

शेजारच्या शेवंताकाकूंकडं भाजी मागायला जायचं, तर आधी घरी गॅस पेटवून जावं. बेंबळी गावात आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. काकू परसात मांडवाखाली उभ्या राहतात आणि भिंतीवरून विचारतात, "सुमन, तेल तापलं का गं?" मी "तापलं" म्हटल्याशिवाय त्या देठाला हात लावत नाहीत. एकदा मी गॅस न पेटवताच "तापलं" म्हणाले. काकूंनी टाचा उंचावून माझ्या खिडकीतून कढई पाहिली आणि काही न तोडता घरात निघून गेल्या. त्या दिवशी आम्ही पिठलं खाल्लं.

भाजी कधी तोडायची, यात त्यांच्यापुढं कुणाचं काही चालत नाही. भेंडीचं शेपूट मोडून बघायचं, कट्‌कन मोडलं तर ठीक, नाहीतर "जून झाली, गाईला घाल." कोथिंबीर उपटलेली खपत नाही, वरून खुडायची. मेथी सकाळीच, पण दव वाळल्यावर. दिवेलागणीनंतर पाहुणे आले तरी गवती चहाची पात मिळत नाही. "झाडं निजली की गं आता," म्हणून दटावतात.

"दिस टळला की भाजी न्हाय, लाकूड," हे त्यांचं पालुपद.

यंदा मांडवावरचा एक दोडका मात्र त्यांनी राखला होता. मुलगा नागेश पुण्याहून रविवारी येणार होता. "माझ्या नाग्याला दोडका लई आवडतो, कूट घालून." कुणी त्या दोडक्याकडं नुसतं पाहिलं तरी काकू खाकरायच्या.

त्या रविवारी दोडका ऐन कोवळा होता. काकूंनी शेंगदाणे भाजून कूटही करून ठेवला. दुपारी नागेशचा फोन आला, सुट्टी मिळाली नाही, पुढच्या रविवारी नक्की येतो. पुढच्या रविवारीही तसाच फोन आला. मला त्या पोराचा असा राग आला, की फोन हिसकावून घेऊन चार शब्द सुनवावेत. काकू मात्र म्हणत होत्या, "असू दे बाळा. कामाचं बघ आधी. दोडका हाय की वेलावर."

तोवर दोडक्याच्या शिरा ताठरल्या होत्या, हिरवा रंग उतरला होता. मी विचारलं, "काकू, बियाला ठेवला का ह्यो?"

"बियाचा दुसरा हाय," त्या तुटकपणे म्हणाल्या.

परवा सकाळी त्यांनी मला परसात बोलावलं. वेलावरचा दोडका तळहातावर तोलून धरून उभ्या होत्या.

"सुमन, जरा दाबून बघ गं. माझ्या बोटास्नी आताशा कळंना झालंय. कवळा हाय न्हवं अजून?"

मी अंगठ्यानं दाबून पाहिलं. अंगठा जराही रुतला नाही. काकू माझ्या तोंडाकडं पाहत होत्या, आणि मला त्यांच्याकडं बघवेना.

"कवळा हाय, काकू," मी म्हणाले. "रविवारपतूर टिकंल."

"मंग ऱ्हाऊ दे," असं म्हणून काकूंनी दोडका अलगद सोडला आणि वेलाच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतलं.