आवाज चेन्नईत भरला जाईल

आईचे उपकार कधीही फिटत नाहीत, हे सर्वांना मान्य आहे. म्हणूनच सुज्ञ मुलगा ते फेडायच्या भानगडीत न पडता आणखी थोडे घेऊन ठेवतो. अमेरिकेतल्या आमच्या फ्रीमाँटमध्ये ही सोय सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर उपलब्ध आहे, आणि एक अर्ज भरला की आणखी सहा महिने वाढवून मिळते. अर्जात कारण 'पर्यटन' असं लिहितात.

सदर पर्यटनासाठी मनोहर बोकारेच्या आई, शरयूकाकू, २००४ च्या ऑक्टोबरात नागपूरहून आल्या. फेब्रुवारीपर्यंत त्यांचं पर्यटन पुढीलप्रमाणे झालं होतं: समुद्रावरचा लाल पूल, एकदा (धुकं होतं, दिसला नाही); घाऊक सामानाचं दुकान, बावीस वेळा; दहा महिन्यांच्या नातीचे, हिमानीचे डायपर, मोजदाद नाही. आजीच्या सहवासात मुलावर संस्कार होतात, असं मनोहर आणि त्याची बायको उल्का यांचं ठाम मत होतं. हे संस्कार सोमवार ते शुक्रवार, दोघं फ्रीवेला लागल्यापासून परत येईपर्यंत चालत.

काकूंना होळीच्या आत परत जायचं होतं. धाकटी बहीण कांचन नागपुरात एकटी, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं, आणि पट्टी सुटेपर्यंत तुझ्याजवळ राहीन असा काकूंनी शब्द दिलेला. त्यांनी हे मनोहरला सांगितलं. मनोहर म्हणाला, "बघू." (आमच्यात आईला नाही म्हणत नाहीत.)

अशात चेन्नईहून तमिळ कौटुंबिक सिनेमाचं युनिट येऊन दाखल झालं. दिग्दर्शक इळंगोवन यांची कथा हृदयद्रावक होती. मुलगा आईला अमेरिकेत आणतो, आई दिवसभर घरात एकटी झुरते आणि शेवटी त्याला आशीर्वाद देते. त्यासाठी त्यांना आई एकटी बसलेली वाटेल असं घर हवं होतं. इथल्या मराठी मंडळाचा सांस्कृतिक चिटणीस या नात्याने मी अकरा घरं दाखवली. अकराही घरांत आई एकटी बसलेली होती. बोकाऱ्यांकडे उजेड बरा म्हणून ते पसंत पडलं.

मंडळाने सहकार्यात कसूर केली नाही. प्रतापने अंगणात अंथरायचे कॅमेऱ्याचे रूळ आणायला आपला ट्रक दिला, आसावरीने युनिटसाठी साठ माणसांचा उपमा केला. (ती मंडळी साउथची, म्हणून. त्यांनी तो हात जोडून परत केला आणि पिझ्झा मागवला.) पण ऐन वेळी आईचं काम करणाऱ्या नटीला व्हिसा नाकारला गेला. ती परत जाईल याची अधिकाऱ्याला खात्री वाटेना. तेव्हा इळंगोवन सरांची नजर हिमानीला थोपटत बसलेल्या काकूंवर गेली.

"बट शी डझंट नो तमिळ, सर," मनोहर म्हणाला.

"नो प्रॉब्लेम. अम्मा कॅन से एनिथिंग. व्हॉइस, वी विल डू इन चेन्नई."

मनोहरने भाषांतर केलं, "आई, तू काहीही बोल. ते नंतर बदलणार आहेत."

त्या धंद्यात ही रीतच आहे. भाषा न येणारी नटमंडळी एक, दोन, तीन, चार म्हणत ओठ हलवतात, आणि पुढे स्टुडिओत दुसरंच कोणी त्यांत योग्य शब्द भरतं. काकूंनाही, काही सुचलं नाही तर आकडे म्हणा, असं सांगितलं होतं. त्या जुन्या वळणाच्या, त्यांना खोटं बोलणं जमेना. सिनेमातला मुलगा झालेला हिरो समोर उभा राहिला, कॅमेरा सुरू झाला आणि काकू त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाल्या, "मनोहर, माझं तिकीट काढ. कांचनला मी शब्द दिलाय."

पलीकडे मनोहर चेहऱ्यावर उजेड पाडायचा पांढरा थर्मोकोल धरून उभा होता. दुसरा थर्मोकोल माझ्याकडे होता.

"आई, छान," मनोहर म्हणाला. "फक्त थोडं अजून आतून."

चौदा टेक झाले. पहिल्या तीनांत काकूंनी सांगितलं, पुढच्या पाचांत विनवलं. नवव्यात त्यांचे डोळे भरले आणि तोंडातून 'तिकीट' एवढा एकच शब्द तीनदा आला. उरलेले पाच नुसते खबरदारी म्हणून. उपस्थित मराठी प्रेक्षक एकोणीस; पैकी डोळे पुसणारे अकरा, 'काय नॅचरल आहे यार' म्हणणारे सात, आणि मी. मी मंडळाच्या मासिकात लेख लिहायचं ठरवलं. काकू काय म्हणतायत, असं फक्त त्या तमिळ हिरोने विचारलं.

"नथिंग," मनोहर म्हणाला. "शी इज इम्प्रोव्हायझिंग."

होळी झाली. कांचनमावशींची पट्टी शेजारणीने सोडली. काकूंचा मुक्काम सहा महिन्यांनी वाढवण्याचा अर्ज गेलेलाच होता.

ऑगस्टात सिनेमा इथल्या थिएटरात लागला. मंडळाने अख्ख्या तीन रांगा घेतल्या. शेवटच्या प्रसंगात नववा टेक होता. पडद्याएवढ्या मोठ्या तोंडाने काकू 'तिकीट' म्हणत होत्या. आमच्यापैकी कोणालाही ओठ वाचता आले असते, पण आम्ही खालची इंग्रजी अक्षरं वाचत होतो. आवाज कोणा गोड तमिळ बाईंचा होता आणि अक्षरांचा अर्थ असा: 'माझं काही मागणं नाही, बाळा. तू सुखात, तर मी सुखात.' तिन्ही रांगा रडल्या. काकू रडल्या नाहीत.

पार्किंगमध्ये मनोहर नाक पुसत म्हणाला, "आई, रडवलंस तू."

"मी काय म्हणत होते, ते ऐकलंस ना तू?"

"ऐकलं ना. चौदा वेळा. तिथेच तर होतो मी."

काकूंनी हिमानीला कडेवर घेतलं आणि गाडीत जाऊन बसल्या. पुढच्या रविवारी कांचनमावशींचा फोन आला. मनोहर शेजारीच बसला होता. काकू म्हणाल्या, "मी अगदी मजेत आहे गं. मुलं खूप करतात." आवाज गोड होता. मी तिथे चहाला होतो, मला तो कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला.

माझा लेख मंडळाच्या दिवाळी अंकात आला आणि वाचकांना आवडला. तुम्हालाही मनोहरचा राग आला असेल, ही समाधानाची गोष्ट आहे. आता रविवारी तुम्ही घरी फोन कराल, आणि पलीकडून उत्तर येईल, 'आम्ही मजेत आहोत, आमची काळजी करू नका.' तुम्ही बरं म्हणून ठेवून द्याल. तो आवाज कुठे भरला, हे विचारायची पद्धत नाही.