हिराजीकाकांच्या रिंगा

आमचे शेजारी हिराजीकाका लग्नाला गेले की नवरीकडे बघत नाहीत, मांडवाच्या ताडपत्रीकडे बघतात. दोरी ओवायच्या भोकांना पितळेच्या रिंगा ठोकलेल्या दिसल्या, तरच त्यांना जेवण गोड लागतं. नाहीतर पंगत उठेपर्यंत त्यांचं सगळं लक्ष वर.

मुरुडला पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीने झाकतात. त्या ताडपत्र्यांना रिंगा ठोकण्यात काकांचा जन्म गेला. दुकानदार या रिंगेला आयलेट म्हणतो. "त्याला काय म्हणायचं ते म्हणू दे," काका सांगतात, "पन उघडं भोक ठेवायचं न्हाय. वारा तिथनंच फाडीत जातो."

आता धंदा मुलाने घेतलाय आणि काका मोकाट सुटलेत. हातोडी आणि भोक पाडायचा पंच कायम पिशवीत. पिशवीलाही रिंग आहे, हे सांगायला नकोच. घरातलं चहाचं फडकं, उशीचा अभ्रा, त्यांच्या बायकोचा, सखूकाकींचा गाऊन, काही म्हणजे काही सुटलेलं नाही. गेल्या मे महिन्यात माझ्या लॉजवरच्या एका पाहुण्याचा टॉवेल वाळत घातलेला सारखा उडत होता. काकांनी तो उचलला, झटकला आणि कोपऱ्यात रिंग ठोकून परत दिला. टॉवेल महागातला होता. पाहुणा माझ्या अंगावर आला. काका शांतपणे म्हणाले, "आता उडला तं मला सांगा."

सखूकाकींना मध्ये अर्धांगाचा झटका येऊन गेला, उजवा हात लुळा पडला. बाई जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन बाजारात मासळी विकलेली. आता कुणी काही आयतं हातात आणून दिलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. त्यांच्यासाठी मी माणगावहून एक सुती शाल आणली. घडी मोडायच्या आत काकांनी कोपऱ्यात पंच टेकवला.

"काका, निदान ही तरी सोडायची," मी चिडून म्हणालो.

काकांनी रिंग ठोकलीच. ठोकून झाल्यावर त्यांनी शाल काकींच्या पुढ्यात ठेवली. काकींनी डाव्या हाताचं एक बोट रिंगेत घातलं, भिंतीच्या आधाराने उठल्या आणि शाल खुंटीला अडकवून आल्या. तेव्हा कुठे मला त्या खुंट्या दिसल्या. काकींच्या खांद्याच्या उंचीवर ओळीने मारलेल्या, आणि प्रत्येकीवर रिंगेने लटकलेला टॉवेल, गाऊन, फडकं.

"एका हातानं घडी होत न्हाय, दोरीवर टाकता येत न्हाय," काका हळूच म्हणाले. "बोट अडकवलं की झालं. कुनाकडं मागाया लागत न्हाय तिला."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"आता माझ्या कानातच ठोकायची राहिलीय," काकी म्हणाल्या आणि पुन्हा उठल्या. शाल काढली, अंगावर घेतली, परत खुंटीला लावली. काही गरज नव्हती, उगाच.

मी काकांकडे पाहिलं. नव्या रिंगेकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते काकींकडे बघत होते.