पाहुण्यांसाठी धुतलेले पाईप

पाहुणचारात आपला हात धरणारा माणूस पंचक्रोशीत नाही, असं आप्पांचं ठाम मत होतं. अडचण एवढीच, की पाहुणाच येत नव्हता! धक्क्यावरचा रंगाचा कारखाना बंद पडून वर्षं लोटली होती, बायको देवाघरी गेली होती, मुलगा दूरच्या शहरात सुखी होता, आणि आप्पा फाटकाजवळच्या चौकीत राहून गंजलेल्या टाक्यांची राखण करत होते. चोरसुद्धा फिरकत नव्हते. सोबतीला कारखान्याचा भोंगा उरला होता, तोही मुका.

अशात मातीच्या बाई आल्या. म्हणजे बाई हाडामांसाच्याच, पण काम मातीचं. जागा विकायची होती, म्हणून जमीन आणि तिच्या पोटातलं पाणी कितपत नासलंय ते तपासायला मालकांनी त्यांना पाठवलं होतं. त्यांनी आवारात खोल भोकं पाडली, त्यांत पाईप उभे केले, वर फिरकीची झाकणं बसवली आणि अधूनमधून येऊन पाण्याच्या बाटल्या भरून नेऊ लागल्या. जाताना चौकीत चहा घ्यायच्या. त्या एका कपावर आप्पा पुढची खेप येईपर्यंत दिवस काढायचे.

पण पहिल्याच दिवशी झाकण उघडताना बाईंनी नाकाला रुमाल लावला होता, आणि ते आप्पांच्या जिव्हारी लागलं होतं. पाहुणा आधी मोरीत डोकावतो, असं बायको नेहमी म्हणायची. झालं! पुढच्या खेपेआधी आप्पांनी प्रत्येक पाईपमध्ये टोपणभर फिनेल ओतलं, वरून बादलीभर पाणी सोडलं आणि झाकणं घासून लख्ख केली. चौकीही फिनेलनंच पुसली. सगळं आवारच घमघमत होतं, तिथे पाईपचा वास वेगळा कसा कळणार?

प्रयोगशाळेला मात्र कळलं. पाण्यात जहाल रसायन निघालं. बाईंनी काळजीनं आणखी पाईप घातले. आप्पांनी तेही धुतले. रसायन वाढलं! मग मोठं यंत्र आलं, त्याच्यामागून माणसं आली, आणि आप्पांना आनंदाचं भरतं आलं. त्यांनी फिनेलचा मोठा कॅनच आणून ठेवला.

पुढच्या खेपेला सगळे पांढरे डगले आणि तोंडावर मुखवटे चढवून उतरले. इथलं काही तोंडात घालायचं नाही, असा हुकूम होता. आप्पांनी भरून ठेवलेले कप गार झाले, ते त्यांनी एकेक करून स्वतःच संपवले. रिकाम्या आवारात वाटलं नव्हतं इतकं एकटं त्यांना त्या गर्दीत वाटलं.

शेवटी बाई चौकीच्या दाराशी आल्या, मुखवट्यासकट.

"काका, सामान आवरा. ही जमीन विषारी आहे, तुम्हाला इथे ठेवता येणार नाही. मुलाकडे जा."

मुलाकडे! तिथे आप्पा एकदा राहून आले होते. सकाळी सगळे बाहेर पडायचे आणि आप्पा दिवसभर फ्रिजची घरघर ऐकत बसायचे. त्यापेक्षा मुका भोंगा परवडला. तरी त्यांनी निमूटपणे कपडे पिशवीत कोंबले, कपबशा कागदात गुंडाळल्या आणि हातात कॅन घेऊन उंबरठ्यावर अडले.

"बाई, जाण्याआधी पाईप एकदा धुऊन ठेवू का?"

"काय धुऊन?"

"पाईप. तुम्ही यायच्या आधी दर खेपेला धुतो. तुम्हाला वास आला होता ना."

बाईंनी कॅनकडे पाहिलं. मुखवटा खाली ओढला.

"कुठल्या पाईपात ओतलंत?"

"सगळ्या. दुजाभाव नाही केला."

बाई मटकन पालथ्या बादलीवर बसल्या. आधी त्यांनी कपाळावर हात मारला, मग त्यांना हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. डोळे पुसत त्यांनी आप्पांना आधी चहा टाकायला सांगितलं. कपबशा पुन्हा कागदातून बाहेर आल्या.

पाईप उपसून उपसून साफ केले, पाणी नव्यानं तपासलं. थोडं खारट, किंचित गंजकं, बाकी काही नाही. यंत्र गेलं, माणसं गेली, चौकी आप्पांना राहिली. बाई गाडीत बसल्या, तेव्हा आप्पा खिडकीशी गेले.

"आता कधी?"

"तीन महिन्यांनी परत तपासायचंय. आणि काका, तोवर पाईपांना हात लावायचा नाही."

"झाकणं बाहेरून पुसू? कोरड्या फडक्यानं?"

"बाहेरून चालेल."

गाडी फाटकाबाहेर पडली. धूळ खाली बसायच्या आत आप्पांनी फडकं आणलं आणि पहिलं झाकण पुसायला घेतलं. तीन महिने म्हणाल्या म्हणून काय झालं? पाहुण्यांचा काय नेम, लवकरही येतील.