छळाच्या मसुद्यात दुरुस्ती

कौटुंबिक वादांची वकिली करू इच्छिणाऱ्यांनी एक गोष्ट प्रथम शिकून घ्यावी: छळ तयार घ्यावा, नवीन शिवायला टाकू नये. वसईत कार्यालय असलेले ॲडव्होकेट सुमेध केनी हे तत्त्व निष्ठेने पाळत. सासूने करावयाच्या छळाचा एक परिच्छेद त्यांच्या संगणकात कायम तयार असे. पक्षकार बदलले की फक्त नावे बदलत.

जूचंद्रची उन्नती तुळिंजला माहेरी निघून गेली आणि तिने नवऱ्याविरुद्ध घटस्फोटाचा अर्ज केला, तेव्हा तो परिच्छेद तिलाही रीतसर बसवण्यात आला. अर्जाची प्रत सासरी पोचली. सासूबाई मीराबाईंनी चष्मा पुसून मोठ्याने वाचले, "सासूने मोटारसायकल मागितली, उपाशी ठेवले व लाटण्याने मारले."

मुलगा कौस्तुभ खूश झाला. "आई, सगळं खोटं! काही सिद्ध होणार नाही. जिंकलो आपण!"

"गप्प बस. लाटणं? माझ्या घरात? मी काय सिनेमातली सासू आहे?"

दुसऱ्या दिवशी मीराबाई थेट केनींच्या कार्यालयात दाखल झाल्या. उन्नती तिथेच होती. ती सवयीने उठून उभी राहिली.

"आई, हे मी नव्हतं सांगितलं."

"ते कळलं मला. तुझी कल्पनाशक्ती इतकी भिकार नाही."

"आजी, कोर्टाला या मजकुराची सवय आहे," केनींनी समजावले. "नवीन छळ दिला, तर साहेबांना तो वाचावा लागतो."

"आजी तुझ्या घरी. लिहून घे. अकरा वर्षं हिच्या प्रत्येक कालवणात, चव न बघता, हिच्या डोळ्यांदेखत मीठ घातलं. माहेरचा फोन आला की शेजारी बसून राहिले. हिला ऑफिसात बढती मिळाली, त्याचे पेढे कौस्तुभच्या नशिबाचे म्हणून वाटले. हिचं विनिता नाव बदलून उन्नती ठेवलं, का, तर मला आवडलं म्हणून. आणि एकदाही आवाज चढवला नाही, हे अधोरेखित कर."

"मी ताटावर बसले की तुम्ही गॅसवर दूध ठेवायचात," उन्नती हळूच म्हणाली. "रोज. मी उठावं म्हणून."

"लक्ष होतं तर तुझं!" मीराबाई कौतुकाने म्हणाल्या.

केनींनी पेन खाली ठेवले. "मॅडम, खोट्यावर घटस्फोट नक्की मिळेल. खऱ्याची हमी नाही."

"मला सुटायचंय ते खऱ्यापासून," उन्नती म्हणाली. "मग खऱ्यावरच सोडवा."

दुरुस्त अर्ज सुनावणीस आला. न्यायाधीशांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि पान उलटून पाठीमागे काही आहे का ते पाहिले.

"यात क्रूरता कुठे आहे? हा संसार आहे. घरोघरी असतो."

टंकलेखिकेची बोटे क्षणभर थांबली. मग तिने टंकित केले: वर्तन सर्वसाधारण स्वरूपाचे, सबब अर्ज नामंजूर.

"आई, जिंकलो!" कौस्तुभ म्हणाला.

"तू जिंकलास. माझ्या अकरा वर्षांच्या मेहनतीला ते सर्वसाधारण म्हणाले! अपील करायचं."

"जिंकलेल्याला अपील करता येत नाही," केनी म्हणाले.

"मग अपील हिचं, साक्ष माझी."

साक्षीची तयारी घटनास्थळी, म्हणजे मीराबाईंच्या स्वयंपाकघरात, करण्याचे ठरले. त्यासाठी उन्नती पिशवी घेऊन दुपारपुरती जूचंद्रला आली. प्रात्यक्षिकाचे कालवणही तिनेच केले, कारण तसे करणे दुसऱ्या कोणास सुचले नाही. केनी पंच म्हणून पानावर बसले. पान वाढताच त्यांनी मिठाकडे हात नेला.

"चव तरी बघा," उन्नती म्हणाली.

"सवय हो. घरीही असंच."

मीराबाईंनी अपिलाचा कागद पुढे ओढला आणि प्रतिवादींमध्ये केनींचे नाव घातले.

ही यादी अद्याप बंद झालेली नाही. वाचकांनी आपले नाव व पत्ता सुवाच्य अक्षरात कळवावा. आपले नाव यादीत बसते किंवा नाही याची शंका असल्यास, घरात सर्वांत शेवटी जी जेवते तिला विचारावे. मात्र त्यासाठी तिला ताटावरून उठवू नये.