कॉम्प्युटरला आतून विभूती

रेणूनं ठरवलं, यंदाच्या खंडेनवमीला शाळेच्या कॉम्प्युटरची पूजा आतूनसुद्धा करायची!

बाहेरून तर सगळेच करतात हो. मंठाळच्या शाळेतले कारकून सिद्धलिंगप्पाकाका दरसाल मॉनिटरच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढायचे, वर झेंडूचं फूल. पण आत? वेबसाइटच्या ज्या पानावरून काका शाळेच्या सूचना टाकायचे, ते पान आठ दिवस तापानं पडलेल्या माणसासारखं फिकट! आणि पूजेला शाळा कमिटीचे अध्यक्ष वीरभद्रप्पा यायचे होते. काकांनी त्यांच्यासमोर एक सूचना टाकून दाखवायची. जमलं तर खुर्ची राहील, नाहीतर काम कलबुर्गीच्या एका कंपनीला.

"घाबरू नका काका," नववीतली रेणू म्हणाली, "पान असं सजवते की साहेब बघतच राहतील!"

"तुला येतंय व्हय?"

"डाव्या हातचा मळ!"

कोडमध्ये हूक असतात. हूक म्हणजे खुंटीच समजा. तिला आपली सजावट अडकवायची, की पान ती अंगावर घेऊनच उघडतं. रेणूनं अडकवली: सगळीकडं हळदीचा रंग आणि माथ्यावर विभूतीचे तीन रुंद, पांढरे पट्टे. काकांनी स्क्रीनला हातच जोडले! रेणू पोळ्याच्या बैलासारखी फुगली. एकदा सूचना टाकून बघायचं मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

अध्यक्ष आले. काकांनी एका बोटानं टाइप केलं, 'शाळा सोमवारी उघडेल.' मग माऊस वर नेला आणि थांबले.

"काय झालं सिद्धलिंगप्पा?"

"निळं बटण, साहेब... रोज हितंच असतंय की!"

रेणूनं स्क्रीनकडं वाकून बघितलं. बटण तिसऱ्या पट्ट्याखाली गाडलं गेलं होतं!

"काका, पट्ट्यावरच दाबा," ती कुजबुजली.

"विभूतीवर? येडी झालीस का गं? पुसली तर?"

"पुसत न्हाई ती!"

"मग लावलीस कामून?"

शेवटी काकांनी डोळे मिटून दाबलं. काहीच नाही! पट्टा हुमनाबादच्या बसमध्ये खिडकी धरून बसलेल्या बाईसारखा, जागचा हलेचना.

"सरका!" रेणूनं कोड उघडलं, पट्टे काढायला गेली आणि घाईत एक कंस जास्तीचा खोडला. पान पुन्हा उघडलं तर सगळं पांढरं! हळद गेली, बटण गेलं, अख्खी शाळाच गेली!

वीरभद्रप्पा बराच वेळ बघत राहिले. "आता ही सगळी विभूतीच म्हणायची काय?"

काका आता आपलं नाव घेणार, रेणूला वाटलं. घ्यायलाच हवं होतं!

"माझंच चुकलं साहेब," काका म्हणाले, "बोट जड पडलं."

आणि जिची जीभ वर्गात कधी थांबत नाही, ती रेणू गप्प राहिली.

तीन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी अध्यक्षांच्या घरी जाऊन तिनं खरं सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलीस सांगून. पण कंपनीला शब्द दिलाय की."

सोमवारी शाळा उघडली. काकांकडं आता खुर्चीऐवजी शाळेची घंटा आली होती.

"काका, मी चुकले."

"असू दे गं. ही बरी हाय. हिला पासवर्ड न्हाई."

"हात दुखत असतील... आजच्या दिवस मी वाजवू?"

काकांनी हातोडा पाठीमागं लपवला.